ढिला शर्ट किती दिवस पुरेल?

ताई,

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वय २८. मोंढ्यात आडतीवर हिशोब लिहितो. सहावी-सातवीपासून कळतंय की मी मुलगा नाही, अंग तेवढं मुलाचं आहे. घरात आई, अण्णा, भाऊ, वहिनी, त्यांची दोन लेकरं, न्हाणी एक. साडी नेसून गावातून फिरायचं धाडस नाही आणि आत्ता ते नकोही आहे. हे अंग थोडं तरी माझं वाटावं, एवढंच. चार महिन्यांपासून दुसऱ्या तालुक्यातल्या मेडिकलमधून बायकांच्या पाळणा लांबवायच्या गोळ्या आणून रोज दोन घेतो. छातीच्या बोंडांखाली बोराएवढं काहीतरी लागतं, दुखतं. ढिला शर्ट घालतो. फोनवर ओळख झालेला एकजण म्हणतो, गोळ्यांनी काही होत नसतं. एका रात्रीत ऑपरेशन करून देणारा माणूस आहे, रोख द्यायचे, कुणाला कळणार नाही. हार्मोन चालू ठेवू की सरळ ऑपरेशन करून टाकू? कुणाला कळू न देता कोणतं जमेल? घरचे तुळशीच्या लग्नानंतर माझं उरकायचं म्हणतात. वाटतं, करून टाकावं, मग काय ते बघता येईल. दिवसाला पाच-सहा सिगारेटी होतात. रात्री झोप नाही, कधीकधी नको ते मनात येतं. आतून लई थकायले.

— सावली

लेकरा,

लेकरू म्हटलं की तो का ती हे सांगावं लागत नाही, म्हणून तिथून सुरुवात केली. पण पत्र दोनदा वाचलं. सगळीकडे ‘लिहितो’, ‘घेतो’, ‘घालतो’, आणि शेवटच्या ओळीत ‘थकायले’. चुकून पडलं असेल, तरी मी तेच धरून बोलते. सावली असं नाव घेतलंस, तर उत्तरही सावलीलाच. पटलं नाही तर कळव, पुढच्या वेळी बदलेन.

मी डॉक्टर नाही. सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली, आणि या सदरासाठी अडेल तिथे डॉक्टरांना विचारते. त्यामुळे कोणतं औषध किती घ्यायचं हे मी लिहिणार नाही. तेवढं सोडून बाकी सगळं उघड बोलू.

आधी आजचं काम. त्या गोळ्या आज बंद कर. एकदम बंद केल्या तरी चालतं, हळूहळू सोडाव्या लागत नाहीत. बायकांच्या त्या गोळीत एथिनिल इस्ट्राडायॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन असतं. ते यकृतात सहजासहजी मोडत नाही, आणि रक्त गोठवणारे घटक वाढवतं. तू रोज दोन घेतेस आणि वर सिगारेट ओढतेस. पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका नेमका असाच वाढतो. त्याच गोळीत दुसरं संप्रेरक असतं, बहुतेकदा लेव्होनॉरजेस्ट्रेल. ते गर्भ राहू नये म्हणून घातलेलं असतं, त्याचा छातीच्या वाढीशी संबंध नाही. उलट त्याला किंचित पुरुषी गुणच आहे. म्हणजे जोखीम पुरेपूर घेतेस आणि हाती येतं ते अर्धमुर्धं. जाणते डॉक्टर या कामाला हे औषध आता वापरत नाहीत. ते देतात ते साधं इस्ट्राडायॉल, बाईच्या शरीरात तयार होतं तेच.

एका पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली. अचानक दम लागला. छातीत कळ आली. बोलताना जीभ जड झाली, तर त्या रात्री सरळ दवाखाना गाठायचा आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरला गोळ्यांचं नाव सांगायचं. तिथे लाजायचं नाही. वॉर्डात मी पाहिलंय, माणसं डॉक्टरला सोडून सगळ्यांना खरं सांगतात.

आणि नको ते मनात येतं, ते मी नुसतं वाचून पुढे जाणार नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. नाव सांगावं लागत नाही. पुढची ओळ वाचायच्या आधी तो नंबर फोनमध्ये टाक.

आता तुझा प्रश्न. गोळ्या की ऑपरेशन, असं तू विचारलंस, जणू दोन्हींतून एकच माल निघतो आणि फक्त भाव बघायचा आहे. तू मोंढ्यातली आहेस, तुझ्याच भाषेत सांगते. सोयाबीन आणि तूर एकाच रानात पेरतात, पण एक साडेतीन महिन्यांत निघतं आणि दुसरीला सहा महिने लागतात. कुणी विचारत नाही की सोयाबीनच्या ऐवजी तूर आत्ताच कापू का. हार्मोनचं काम वेगळं, ऑपरेशनचं वेगळं, आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे.

त्या क्रमापेक्षाही मोठा घोटाळा दुसराच आहे. ‘लपेल का’ आणि ‘परत फिरता येईल का’ हे दोन प्रश्न तू एकात घातलेस. बरेचजण घालतात. गोळ्या म्हटलं की वाटतं, बारीकशी वस्तू आहे, खिशात मावते, कधीही सोडता येते, म्हणजे लपेलही. ऑपरेशन म्हटलं की वाटतं, बोभाटा होणार. प्रत्यक्षात बरंचसं उलटं आहे. वृषण काढायचं ऑपरेशन कपड्याखाली राहतं, कुणाच्या बापाला कळत नाही, पण ते परत फिरत नाही. आणि गोळ्या परत फिरवता येतात त्या निम्म्याच, शिवाय त्या लपतात त्यापेक्षा जास्त दिसतात.

हार्मोन नीट डॉक्टरच्या हाताखाली घेतले तर काय होतं ते सांगते. पहिल्या एक ते तीन महिन्यांत कामेच्छा उतरते, सकाळची ताठरता कमी होते. तीन ते सहा महिन्यांत कातडी मऊ पडते, तेलकटपणा जातो, छातीत गाठ धरते, दंडाचा जोर कमी होतो, चरबी कंबर-मांडीकडे सरकायला लागते. छाती पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं जातात, चरबीची मांडणी बदलायला त्याहूनही जास्त. किती होईल ते आधी कुणालाच सांगता येत नाही. एखादीला वर्षानंतरही बनियनखाली खपून जाईल एवढंच असतं, दुसरीला आठव्या महिन्यात शर्टाच्या खिशात पेन ठेवणं अवघड होतं. डोस वाढवला म्हणून छाती मोठी होत नाही, धोका तेवढा मोठा होतो.

यात एक गोष्ट लक्षात घे, कारण तुझ्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे. हार्मोनमध्ये निवड नसते. ‘कातडी आणि कंबर द्या, छाती नको’ असं इस्ट्रोजेनला सांगता येत नाही. आणि आलेली छाती औषध सोडल्यावर जात नाही. चरबी परत सरकते, कातडी पुन्हा राठ होते, इच्छा बहुधा परत येते; छाती राहते, ती काढायला ऑपरेशनच लागतं. तुझ्या त्या बोराएवढ्या गाठी चार महिन्यांच्या आहेत, त्या बसतीलही, पण पूर्ण जातीलच असं मी लिहून देणार नाही. डॉक्टरला दाखव. दाखवताना फक्त ‘छाती दुखते’ म्हणू नकोस. गोळ्यांचं सांगितलं नाहीस तर समोरचा पुरुषाची छाती वाढली असं धरून ती काढायच्या मार्गाला लागेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.

मूल होण्याचं काय, हे तू लिहिलंच नाहीस. विचार मात्र कर. हार्मोनने शुक्राणू घटतात, कधी पार थांबतात, आणि औषध सोडल्यावर परत येतीलच याची खात्री नाही. पुढे कधीतरी आपलं मूल हवंसं वाटेल अशी थोडीही शंका असेल तर औषध सुरू करायच्या आधी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय आहे, टेस्ट ट्यूब बेबीच्या केंद्रांत. लातूर, नांदेड, संभाजीनगर सगळीकडे अशी केंद्रं आहेत. तिथे बसलेल्या पुरुषांना कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही, म्हणून तुझी ही पायरी कुणाला खटकणारही नाही. आणि उलटही खरं आहे, हार्मोन चालू आहेत म्हणजे गर्भ राहणारच नाही, असं धरून चालू नकोस.

हार्मोनने जे होत नाही ते ऐक. आवाज बदलत नाही. वयात येताना फुटलेला घसा इस्ट्रोजेनने मिटत नाही. दाढी जात नाही, फार तर मंदावते. उंची, खांदे, पंजे, कंठमणी सगळं तिथेच.

इस्ट्रोजेनच्या जोडीला बहुधा टेस्टोस्टेरॉन दाबणारं औषध देतात. आपल्याकडे स्पायरोनोलॅक्टोन जास्त चालतं. ते मुळात लघवी वाढवणारं, रक्तदाब उतरवणारं औषध. आता लातूरचा मे महिना आठव. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तो २०१६ चा उन्हाळा तू पाहिला असशील. आपल्याकडच्या माणसाला पाणी जपून प्यायची सवयच लागून गेली आहे. ती सवय या औषधाला चालत नाही. पोत्यांच्या थप्पीमागे दुपारी भोवळ येऊन पडलीस तर आधी ऊन लागलं म्हणतील, मग खिसे तपासतील. शिवाय हे औषध रक्तातलं पोटॅशियम वाढवतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून उन्हाळ्यात नारळपाण्यावर नारळपाणी आणि बीपीसाठी म्हणून मिळणारं ते कमी सोडियमचं मीठ, दोन्हींबद्दल डॉक्टरला विचारून घे. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. दुसरं एक औषध सायप्रोटेरॉन. ते जास्त डोसमध्ये लांबच्या काळासाठी घेतलं तर मेंदूच्या आवरणात गाठ होण्याचा धोका आढळला आहे, म्हणून ते देणारा डॉक्टर सांभाळून देतो. ही दोन्ही औषधं कुणाच्या फोनवरच्या सल्ल्याने घ्यायची नाहीत ती याचसाठी.

(एक बाजूचं. सोयाबीन खाऊन छाती येते असं कुणी सांगितलं असेल तर आपल्याच गावाकडे बघ. जन्मभर सोयाबीनच्या ढिगात वावरलेले हमाल आहेत. शतावरी, मेथी, चोळायची क्रीमं यांवरही पैसे घालवू नकोस.)

आता ऑपरेशन. तुझा तो फोनवरचा माणूस नेमकं कोणतं म्हणतोय हेही तू विचारलं नाहीस, पण एका रात्रीत आणि रोखीत होतं ते मला माहीत आहे. लिंग आणि वृषण दोन्ही कापून टाकायचं. आपल्याकडच्या हिजडा समाजात याला निर्वाण म्हणतात. पूर्वी दाई करायची. आता कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत भूल न देणारा, रक्त न ठेवणारा, नोंद न करणारा कुणीतरी करतो. त्या परंपरेला मी नावं ठेवत नाही, ज्या काळी एकही डॉक्टर दार उघडत नव्हता त्या काळी ती उभी राहिली. पण त्यानंतर वॉर्डात आलेली माणसं मी पाहिली आहेत. रक्तस्राव, पू, लघवीची वाट बुजलेली. एकीला आयुष्यभर नळी घालून लघवी करावी लागली. आणि ते कुणाला कळलं नाही का? चार जिल्ह्यांत कळलं. त्या माणसाचा नंबर बंद करून टाक.

रीतसर होतं त्याला ऑर्किडेक्टॉमी म्हणतात, दोन्ही वृषण काढणं. छोटं ऑपरेशन आहे, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडतात. आठ-पंधरा दिवस आराम, काही आठवडे ओझं उचलायचं नाही. खरं सांगायचं तर घरी ‘हर्नियाचं होतं’ म्हटलं तर खपून जाईल. मोंढ्यातल्या निम्म्या माणसांचं झालेलं असतं. तुला वाटेल, मग हेच बरं. थांब. त्या ऑपरेशनने अंग बाईचं होत नाही. छाती येत नाही, कंबर येत नाही. टेस्टोस्टेरॉनचा कारखाना बंद पडतो, एवढंच. त्यामुळे ते दाबणारी औषधं नंतर लागत नाहीत, हा खरा फायदा. पण शरीराला कोणतंतरी एक संप्रेरक लागतंच. दोन्ही नसली तर अंगातून गरम वाफा निघतात, हाडं पोकळ व्हायला लागतात, मन खचतं. म्हणजे ऑपरेशननंतर इस्ट्रोजेन घ्यायचंच आहे, तेही पुढची कित्येक वर्षं, आणि आता ते सोडायची मोकळीकही राहिली नाही. म्हणून शहाणे सर्जन आधी निदान सहा महिने तरी हार्मोन घेऊन बघायला सांगतात. ते शरीराला मानवलं, मनाला मानवलं, मग पुढचं. जगभरातले या क्षेत्रातले डॉक्टर ज्या नियमावलीवर चालतात तिची आठवी आवृत्ती २०२२ मध्ये आली, तिच्यातही साधारण हेच आहे. आपल्याकडे सर्जन मनोविकारतज्ज्ञाचं पत्र मागतो, बरेचजण दोन पत्रं मागतात.

छातीत पिशव्या बसवणं तुझ्या हिशोबात बसतच नाही. तुला लपवायचं आहे आणि ते एका दिवसात दिसतं. करायचंच झालं तरी वर्षभर हार्मोनने जे येतं ते आल्यावर. योनी बनवायची शस्त्रक्रिया तर सोडूनच दे आत्ता. दीड-दोन महिने आराम, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने दिवसातून अनेकदा खोली बंद करून साधनाने ती वाट उघडी ठेवावी लागते. एक न्हाणी आणि सात माणसं असलेल्या घरात ते करून बघ म्हणणं म्हणजे क्रूरपणा. त्यासाठी आधी स्वतःची खोली लागते, मग सर्जन.

बाई ठरायला ऑपरेशन लागतं, असंही मनात धरू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने पारलिंगी लोकांच्या हक्कांवरच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालात (त्याला नाल्सा निकाल म्हणतात) म्हटलंय की आपलं लिंग कोणतं हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं चूक आहे. पुढचे कायदे, नियम, दाखले यांचं बदलत राहतं. कागद करायची वेळ आली तर जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात त्या दिवशीचं काय ते विचार. तुला आज कागद नकोत, हे मला कळलं. बीड जिल्ह्यातल्या पोलीस दलातल्या ललित साळवे यांनी वेगळी वाट धरली. शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, कोर्टापर्यंत गेले, आणि २०१८ मध्ये मुंबईत सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. त्यांचा प्रवास तुझ्या उलट दिशेचा, आणि तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. हिंमतीचं काम, पण ती हिंमत प्रत्येकीने दाखवलीच पाहिजे असं नाही. गुपचूप राहणं हा गुन्हा नाही.

मग गुपचूप काय करता येतं? माझ्या मते सुरुवात दाढीपासून कर. लेसर. काळ्या केसांवर चांगलं चालतं, आपल्या सावळ्या कातडीला योग्य ते मशीन वापरणारा त्वचारोगतज्ज्ञ हवा, ब्यूटी पार्लर नको. महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने सहा-आठ वेळा तरी जावं लागतं. दाढीखाली पुळ्या येतात, वस्तऱ्याने कातडी सोलते म्हणून पुरुषही हे करतात, त्यामुळे कारण सांगावं लागत नाही. पिकलेल्या केसांवर लेसर चालत नाही, तेव्हा २८ हे वय बरंच आहे. हार्मोनने जी गोष्ट कधीच झाली नसती ती यातून होते, आणि ‘हे अंग थोडं माझं वाटावं’ असं तू म्हणालीस त्यातलं बरंच काही रोज सकाळी आरशासमोर घडत असतं. दुसरं आवाज. स्पीच थेरपीवाले फोनवरूनही शिकवतात. सरावाला रान आहेच की, कापूस ऐकणार आहे.

हे चालू असताना हार्मोनचा डॉक्टर शोध, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. मराठवाड्यात हे डॉक्टर थोडे, आणि त्यातही या कामाची सवय असणारे त्याहून थोडे. संभाजीनगर, नाहीतर पुणे, नाहीतर हैदराबाद. लातूरकराला हैदराबाद परकं नाही, आणि तिथे ओळखीचं माणूस भेटायची भीतीही कमी. तिथे आणि पुणे, कल्याणला पारलिंगी लोकांसाठी मित्र नावाची क्लिनिकं होती. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि ती बंद पडली. हैदराबादचं पुढे दुसऱ्या मदतीवर सबरंग नावाने उभं राहिलं. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो, कोणत्या डॉक्टरकडे अपमान होणार नाही हे ते सांगू शकतात. जायच्या आधी फोन करून खात्री कर, लातूरहून हेलपाटा परवडत नाही.

पहिल्या भेटीत रक्तदाब, साखर, यकृत, मूत्रपिंड, पोटॅशियम, चरबी, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल, प्रोलॅक्टिन एवढ्या तपासण्या होतील. घरात कुणाला गुठळी, लकवा, कमी वयात हार्ट अटॅक आलाय का ते विचारतील, म्हणून आईला आधीच सहज विचारून ठेव. धोका जास्त वाटला तर डॉक्टर गोळीऐवजी कातडीवरून जाणारं औषध देतात, जेल किंवा चिकटपट्टी, त्यात गुठळीचा धोका कमी. आपल्याकडच्या घामात पट्टी टिकत नाही, हे डॉक्टरला तूच सांग. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. ते जमणार नसेल तर हार्मोन सुरू करू नकोस. मी इतकं स्पष्ट बोलते. तपासणी टाळून घेतलेलं औषध लपतंच नाही, एक दिवस तुला उचलून न्यावं लागतं.

कोणी डॉक्टर ‘हे बरं करून देतो, मुलींत मन रमेल’ म्हणाला तर उठून ये. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असल्या उपचाराला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही तुझी ही अवस्था मानसिक आजारांच्या यादीतून काढली.

लपवण्याच्या बारीकसारीक गोष्टी मी शिकवाव्यात अशी तुझी अपेक्षा दिसते. बरं. औषध तालुक्याच्या मेडिकलमधून घ्यायचं नाही, मेडिकलवाल्याला गावाचं सगळं माहीत असतं. लॅबला नंबर स्वतःचा द्यायचा, रिपोर्ट आता व्हॉट्सअॅपवर येतात आणि भावाचा नंबर दिलास तर भाऊ वाचेल. फोनमधले फोटो घरच्या कुणाच्या फोनवर आपोआप जात नाहीत ना, बघ. पण औषध पाकिटातून काढून साध्या डबीत टाकू नकोस. अपघात झाला तर पट्टीवरचं नाव वाचूनच तुझा जीव वाचेल. आणि या सगळ्यात एक माणूस तरी असं हवं की ज्याला पूर्ण माहीत आहे. तो घरचा असला पाहिजे असं नाही.

आता लग्न. इथे मी चिडून लिहितेय, समजून घे. ‘करून टाकावं, मग बघता येईल’ असं तू लिहिलंस. ती मुलगी कोण आहे? अहमदपूर, निलंगा, उमरगा अशाच कुठल्यातरी गावात ती आत्ता दळण निवडत बसली असेल, तिला तुझं नावही माहीत नाही. तू तिला तुझ्या गुपिताचा शर्ट बनवणार. सहा महिन्यांत तुझं अंग बदलेल आणि गावात बोट तिच्याकडे दाखवतील, की हिलाच नवरा सांभाळता आला नाही. मूल झालं नाही तर देवदेव, उपासतापास, औषधं तिला. तुझं दुःख खरं आहे. ते तिच्या गळ्यात बांधायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

घरी काय सांगायचं? खरं सांगणं आज जमत नसेल तर खोटं सांगू नकोस, नुसतं नाही म्हण. ‘मला लग्न करायचं नाही.’ कारण विचारतील, दहादा विचारतील, मावशी येईल, मामा येईल, कुंडली येईल. दहादा तेवढंच वाक्य. आडतीवर शेतकरी भावावर घासाघीस करतो तेव्हा तू काय करतेस? एकच आकडा सांगतेस आणि गप्प बसतेस. तेच कर. तुळशीच्या लग्नाला अजून अवकाश आहे, पण स्थळ बघायला येण्याआधी हे झालं पाहिजे. मुलगी पाहून मग नाही म्हणणं हाही तिचाच अपमान. अण्णा बोलणं टाकतील. बरेच दिवस टाकतील. नोकरीची दुसरी सोय लातूरला, संभाजीनगरला कुठे होते का हेही याच काळात बघून ठेव. हिशोब लिहिणाऱ्याला काम मिळतं. ढिला शर्ट किती दिवस पुरेल, याचं उत्तर शर्टावर नसून, किती दिवसांत तुझ्याकडे स्वतःची किल्ली असलेली खोली होते, यावर आहे.

माझा क्रम सांगते, मग तू आणि डॉक्टर मिळून मोडा. गोळ्या आज बंद. लग्नाला नाही या महिन्यात. लेसर आणि आवाज सुरू. खोलीसाठी पैसे बाजूला. मूल हवं-नको ठरवून मगच हार्मोन, डॉक्टरकडून, आणि तेही छाती दिसली तर काय उत्तर द्यायचं हे तयार असेल तेव्हा. ऑपरेशनचा विचार त्यानंतर वर्षभराने. तेव्हाही ‘नको’ वाटलं तर नको, त्याने तुझं बाईपण कमी होत नाही.

सिगारेटचं मात्र कुणाला विचारायची गरज नाही. हार्मोनवर असताना ती चालणार नाही, कुठलाही डॉक्टर पहिल्याच भेटीत हेच सांगेल. पुढच्या पत्रात ‘गेलो’ लिही नाहीतर ‘गेले’ लिही, ते तुझं तू बघ. पाचवरून कितीवर आलीस तो आकडा मला हवाय.

— ताई